विजयदुर्गची आग

इतिहासावर कादंबरी लिहावी, हा मोह मलाही झाला होता. जन्म रत्नागिरीचा, शाळा समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आणि वर्गात इतिहास शिकविण्याचे काम. तेव्हा तुळाजी आंग्र्यांवाचून दुसरा नायक मला सुचणार तरी कसा? तीन प्रकरणे झरझर लिहून झाली. चौथ्यात १७५६ साल उजाडले आणि लेखणी अडली. ती का अडली, तेच येथे सांगावयाचे आहे.

आधी जहाजांची ओळख करून दिली पाहिजे. आरमाराचा अभिमान आमच्याकडे पुष्कळ. पण गुराब म्हणजे काय, असे विचारले तर भलेभले घुटमळतात. गुराब लांबीच्या मानाने चांगली रुंद, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची. दोन काठ्यांची सुमारे दीडशे टनांची, तीन काठ्यांची तीनशेपर्यंत. तिची नाळ लांब पुढे आलेली असे आणि तिच्यावरून नीट समोर मारा करणाऱ्या दोन मोठ्या तोफा असत. गलबत तिच्याहून लहान, फार तर सत्तर टनांचे. पण त्याला चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला म्हणजे परक्यांचे उंच जहाज भर समुद्रात लाकडाच्या ओंडक्यासारखे पडून राही. अशा वेळी गलबते वल्ही मारीत, गुराबांना दोरखंडांनी ओढीत, त्याच्या पिछाडीस नेऊन उभी करीत. पिछाडीकडे तोफा थोड्या. डोलकाठ्या मोडून पडल्या की माणसे चारी बाजूंनी वर चढत. थोड्या पाण्याची आणि पडत्या वाऱ्याची ही विद्या. तिच्या बळावर कान्होजी परक्या जहाजांकडून दस्तकाचा पैसा मागत. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले, तेही हात हलवीत परत गेले.

१७२९ साली कान्होजी वारले आणि घर फुटले. मानाजी कुलाब्यास, तुळाजी विजयदुर्गास. तुळाजी पेशव्यांस जुमानीना. शेवटी मार्च १७५५ मध्ये नानासाहेब पेशव्यांच्या सरकारने मुंबईकर इंग्रजांशी करार केला, आणि एप्रिलात कमोडोर जेम्सने हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग तोफांनी भाजून काढला. आमचा रत्नदुर्गही याच झगड्यात तुळाजीच्या हातून गेला. विजयदुर्ग तेवढा उरला.

विजयदुर्ग आता सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडतो. १९८१ पर्यंत तो आमच्याच जिल्ह्यात होता, म्हणून मी अजून त्याला आमचाच म्हणतो. ११ फेब्रुवारी १७५६ रोजी ॲडमिरल वॉटसनचे आरमार त्याच्यापुढे आले. साठांहून अधिक तोफांचे ‘केंट’ हे त्याचे मुख्य जहाज. बरोबर ‘कंबरलँड’, ‘टायगर’, ‘सॅलिसबरी’ आणि फौजेसह क्लाइव्ह. तुळाजी किल्ल्यात नव्हता. तो पेशव्यांच्या छावणीत बोलणे करावयास गेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी, समुद्रावरचा वारा सुटल्यावर, इंग्रजी जहाजे खाडीत शिरली. चारच्या सुमारास एक पेटता गोळा ‘रेस्टोरेशन’वर पडला. हे जहाज तुळाजीने पूर्वी कंपनीकडूनच जिंकून आणलेले. ते पेटले, आणि शेजारी एकत्र बांधून ठेवलेले सारे आरमार त्याच्याबरोबर पेटले. रात्री क्लाइव्हने फौज उतरविली, ती किल्ला आणि पेशव्यांचे सैन्य यांच्या मध्ये! १३ तारखेस किल्ला पडला. सुमारे दहा लाख रुपयांची लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली. ज्यांनी बोलावून आणले, त्या पेशव्यांना किल्ला मिळावयास ऑक्टोबर उजाडला, आणि तोही बाणकोट देऊन.

येथवर येऊन मी थांबलो. माझ्या कादंबरीतला खलपुरुष कोण? पेशव्यांनी आरमार बुडविले, हे वाक्य तोंडात बसलेले आहे आणि ते सोपेही आहे. पण पेशव्यांनी पुढे विजयदुर्गास धुळपांच्या हाताखाली आरमार उभे केलेच. १७८३ च्या एप्रिलात आनंदराव धुळपांनी कंपनीचे ‘रेंजर’ जहाज धरले. उलट, हेच वॉटसन आणि क्लाइव्ह वर्ष संपण्याच्या आत हुगळीच्या मुखाशी होते. ‘केंट’, ‘टायगर’ आणि ‘सॅलिसबरी’ १७५७ च्या मार्चमध्ये चंद्रनगरावर लढली, आणि जूनमध्ये प्लासी झाली. तुळाजी तोवर कैदेत पडला होता.

कोडे सुटले नाही. ते दुसऱ्याच बाजूने पुढे आले. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला ‘विक्रांत’ नौदलात दाखल झाली आणि शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन नौदलाच्या नव्या निशाणावर आला. वर्गात मी मुलांना हिशेब घातला: ‘विक्रांत’ सुमारे ४५,००० टनांची, मोठी गुराब ३०० टनांची, तर किती पट? (आंग्र्यांचे नाव १९५१ पासून मुंबईच्या नौदल तळाला आहे, हेही सांगितले.) दीडशे पट, हे उत्तर झटपट आले. मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. “सर, पण गुराबी बांधून का ठेवल्या होत्या? बाहेर का नाही काढल्या?”

मला उत्तर आले नाही. करार, फितुरी, लूट हे सारे मी वाचले होते. पण धावण्याच्या बळावर जगणारे आरमार दोरांनी जखडून ठेवले होते, या गोष्टीकडे माझे लक्षच गेले नव्हते.

नाताळच्या सुट्टीत विजयदुर्गास गेलो. धक्क्यावर एक म्हातारा तांडेल जाळे विणीत बसला होता. त्याला दिवस आणि वेळ सांगितली, वर्ष सांगितले नाही. त्याने वाघोटण खाडीच्या तोंडाकडे पाहिले.

“फेब्रुवारीत ना, गुरुजी? सकाळी मतलय आसता. तेवाच भायर पडूक व्हया हुता. दुपारच्या वाऱ्यात खाडीसून शिडाचा जहाज भायर येतला कसा?”

“पण सकाळी बाहेर शत्रूची जहाजं उभी होती.”

“मगे तांडेल खय हुतो त्यांचो?”

मी म्हटले, दुसऱ्यांच्या छावणीत. त्याने जाळ्याची गाठ दाताने घट्ट केली आणि पुढची घातली.