किरखोफचा जमाखर्च

विजेला एकच वाट असेल तर तिचा हिशेब सोपा. तो गेओर्ग ओहम याने १८२७ साली ग्रंथरूपाने मांडला: दाबाला रोधाने भागावे, म्हणजे प्रवाह मिळतो. हा ओहम एर्लांगेन गावच्या एका कुलपे करणाऱ्याचा मुलगा, पेशाने शिक्षक. त्याच्या ग्रंथाची मायदेशी उपेक्षा झाली. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कॉपली पदक दिले ते १८४१ साली.

परंतु वाटा अनेक झाल्या म्हणजे? पाटाचे पाणी दोन चाऱ्यांत विभागले, पुढे त्या चाऱ्या पुन्हा एक झाल्या, आणि मधेच एका आडव्या चरीने दोन्ही जोडल्या, अशी कल्पना आपण करू. तारांची अशी रचना इंग्लंडात क्रिस्टीने १८३३ साली वर्णिली. १८४३ साली व्हीटस्टनने तिचा प्रसार केला आणि श्रेय क्रिस्टीचे आहे हेही स्वच्छ सांगितले. तरी जगाने नाव दिले ते व्हीटस्टन सेतू! प्रांजळपणाचा असा उपयोग होत नाही, हे आम्हांस नेहमीच खटकते.

या सेतूतील रोध एकसरही नाहीत, समांतरही नाहीत. म्हणून नेहमीची बेरीज येथे अडते. ही अडचण सोडविणारे नियम १८४५ साली कोनिग्सबर्गच्या विद्यापीठात शिकणाऱ्या गुस्टाफ किरखोफने दिले. वय अवघे एकवीस. लेखाचा मुख्य विषय निराळाच होता: पातळ पत्र्यातून वीज कशी वाहते.

त्याचा पहिला नियम कोणाही दुकानदाराला पटेल. नाक्यावर जितका प्रवाह जमा, तितकाच खर्च. दुसरा असा की, कोणत्याही बंद वळशात फिरून मूळ जागी आलो, तर दाबाची चढ-उतार शून्य भरली पाहिजे.

आकडे घेऊन पाहू. दाब ७ व्होल्ट. डाव्या वाटेत आधी १ ओहम, मग २. उजव्या वाटेत आधी २, मग १. आडव्या तारेत १. समीकरणे सोडविली की डावीकडे ३ अँपिअर शिरतात, उजवीकडे २. डाव्या नाक्यावर १ अँपिअर आडव्या तारेने उजवीकडे जातो. खाली डावीकडे २ उरतात, उजवीकडे ३ होतात. पडताळा घ्या: वरच्या वळशात डावीकडून ३ आणि १ मिळून ४ व्होल्ट उतरतात, उजवीकडून २ गुणिले २, तेही ४. एकूण प्रवाह ५ अँपिअर, म्हणजे सबंध जाळ्याचा रोध १.४ ओहम.

मात्र वळसे किती घ्यावेत? वाटेल तितके घेतले तर तीच गोष्ट पुन्हा पुन्हा लिहिली जाते. १८४७ साली किरखोफने याचेही उत्तर दिले: शाखांतून नाके वजा करून एक मिळवा. आपल्या सेतूत बॅटरीची धरून सहा शाखा, नाके चार. तेव्हा वळसे तीनच पुरेत. चौथा मांडाल तर तो या तिघांतूनच निघालेला आढळेल.