आखाताच्या नावाने राखलेली जागा

कोकणातल्या मुसलमान वस्त्यांना 'परदेश' हा शब्द नवा नाही. रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या गावांतून आधी बोटीवरचे खलाशी गेले. काहीजण दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला जाऊन स्थिरावले. 1973 नंतर तेलाचे भाव भडकले, तशी दम्माम, कुवेत, दोहा, मस्कत ही नावे घराघरांत पोहोचली. आमच्या उर्दू शाळांच्या दाखल्यांवर वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात 'परदेशी नोकरी' हे दोन शब्द इतक्या वेळा लिहिले जातात, की लिहिणाऱ्याला आता त्यांचे काही वाटत नाही.

या परदेशी नोकरी करणाऱ्या माणसाच्या नावाने भारतातल्या महाविद्यालयांत जागा राखलेल्या असतात. पण 'एनआरआय कोटा' म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे बड्या बापाचा मुलगा आणि लाखांची फी उभी राहते. वेल्डिंग करणारा, टॅक्सी चालवणारा, दुकानात माल लावणारा आपला माणूसही कायद्याने अनिवासी भारतीयच आहे, हे आपल्याला सुचत नाही. असे का झाले, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागेल.

स्वतंत्र भारताने परदेशी विद्यार्थ्यांसाठी दार उघडले ते पैशासाठी नव्हे. देशाचे पहिले शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांनी 1950 साली भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन केली. आशिया-आफ्रिकेतल्या मुलांनी शिष्यवृत्ती घेऊन इथे यावे, इथे शिकावे आणि आपापल्या देशात भारताची ओळख घेऊन जावे, हा त्यामागचा विचार होता. पुढे आपल्या पुण्यात इराणी, अरब, आफ्रिकी विद्यार्थी दिसू लागले. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवणाऱ्या डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी परदेशी विद्यार्थ्यांची आबाळ पाहिली आणि 1971 साली सिंबायोसिसची सुरुवात केली. त्या काळात परदेशी विद्यार्थी हा पाहुणा होता, गिऱ्हाईक नव्हता.

गिऱ्हाइकाची गोष्ट दुसरीकडून सुरू झाली. कर्नाटकात मणिपाल येथे डॉ. टी. एम. ए. पै यांनी 1953 साली खाजगी वैद्यकीय महाविद्यालय काढले. सरकारी जागा अपुऱ्या आणि डॉक्टर होऊ इच्छिणारे फार, अशा स्थितीत देणगी घेऊन प्रवेश देण्याची वाट रूढ झाली. महाराष्ट्रात 1983 साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. गावोगावी महाविद्यालये निघाली, आणि त्यांच्याबरोबर देणगीचा बाजारही आला. कर्नाटकाने 1984 साली आणि महाराष्ट्राने 1987 साली कॅपिटेशन फीविरुद्ध कायदे केले. पण कायदा झाला म्हणून बाजार उठला नाही.

मग प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. कर्नाटक सरकारने खाजगी वैद्यकीय महाविद्यालयांसाठी वर्षाची फी ठरवली होती ती अशी: सरकारी जागेवर 2,000 रुपये, राज्यातल्या इतर विद्यार्थ्यांना 25,000 आणि राज्याबाहेरच्यांना 60,000. 1992 साली मोहिनी जैन खटल्यात न्यायालयाने ही तफावत म्हणजे कॅपिटेशन फीच होय, असे ठरवले. पुढच्याच वर्षी उन्नीकृष्णन खटल्यात पाच न्यायमूर्तींनी एक योजना आखून दिली. व्यावसायिक महाविद्यालयांतल्या निम्म्या जागा 'फ्री' आणि निम्म्या 'पेमेंट', पण दोन्ही गुणवत्तेनुसार. या योजनेत पैसा पुरत नाही, अशी तक्रार संस्थाचालकांनी केली. 1991 च्या परकीय चलनाच्या टंचाईतून देश नुकताच सावरत होता आणि अनिवासी भारतीयाचा डॉलर सगळ्यांनाच हवासा वाटत होता. नंतरच्या आदेशांतून काही जागा परदेशी व अनिवासी भारतीयांसाठी जास्त फीवर राखण्याची मुभा मिळाली. एनआरआय कोट्याला न्यायालयीन मान्यता मिळाली ती अशी. परदेशातल्या भारतीयाच्या मुलाला मायदेशी शिकता यावे, हे त्याचे एक कारण होते. महाविद्यालयाच्या तिजोरीची सोय हे दुसरे होते. कालांतराने दुसऱ्याने पहिल्याला मागे टाकले.

यानंतरचा टप्पा आपल्या समाजाशी थेट जोडलेला आहे. 31 ऑक्टोबर 2002 रोजी अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने टी. एम. ए. पै फाउंडेशन खटल्यात उन्नीकृष्णन योजना रद्द केली. खाजगी संस्था चालवण्याचा हक्क आणि घटनेच्या कलम 30 खालचा अल्पसंख्याकांचा हक्क यांची नव्याने मांडणी केली. तिचा अर्थ लावताना वाद झाले, म्हणून 2003 साली इस्लामिक अकॅडमी खटल्यात पाच न्यायमूर्ती बसले. तरीही प्रश्न मिटले नाहीत, तेव्हा 12 ऑगस्ट 2005 रोजी सात न्यायमूर्तींनी निकाल दिला. तो 'पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने ओळखला जातो. पुण्याच्या आझम कॅम्पसमध्ये शिक्षणाचे मोठे काम उभे करणारे ते हेच इनामदार. आज देशभरात प्रवेशाचा तंटा उभा राहिला, की वकिलाच्या तोंडी हे नाव येतेच.

हा निकाल लोकांना आठवतो तो एका गोष्टीसाठी. विनाअनुदानित संस्थांवर सरकारला आपले आरक्षण किंवा आपला जागांचा वाटा लादता येणार नाही, असे त्यात म्हटले होते. त्यावर संसदेने 93 वी घटनादुरुस्ती केली आणि अल्पसंख्याक संस्थांना तिच्यातून वगळले. पण याच निकालात एनआरआय जागांविषयी एक परिच्छेद आहे, त्याकडे आपले लक्ष कमी गेले. बहुतेक ठिकाणी 'एनआरआय' हा शब्दच चुकीचा वापरला जातो, खरे अनिवासी बाजूला राहतात आणि पैसेवाले आत येतात, हे न्यायालयाने स्पष्ट नोंदवले. मग कमाल 15 टक्क्यांची मर्यादा घातली आणि तीन अटी घातल्या. जागा खऱ्या अनिवासी भारतीयांच्या मुलांना किंवा पाल्यांनाच द्याव्यात. गुणवत्ता अगदीच सोडून देऊ नये. आणि त्यांच्याकडून घेतलेला पैसा आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांच्या भल्यासाठी वापरावा.

ही तिसरी अट नीट लक्षात घ्यायला हवी. श्रीमंताकडून जास्त घ्यायचे, तर ते गरिबासाठी घ्यायचे. जकातीचा अर्थ जाणणाऱ्या समाजाला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

व्यवहारात काय झाले? 'पाल्य' हा शब्द रबरासारखा ताणला गेला. लांबचा काका, आत्या, चुलत-मावस नातेवाईक कॅनडात आहे, एवढ्यावर इथेच जन्मलेली, इथेच शिकलेली मुले 'एनआरआय' झाली. 2024 साली पंजाब सरकारने तर अधिसूचना काढूनच अशा दूरच्या नात्यांना दार उघडले. उच्च न्यायालयाने ती रद्द केली. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील फेटाळताना ही निव्वळ फसवणूक असल्याचे सुनावले. त्याआधी 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय प्रवेशासाठी 'नीट' परीक्षा अल्पसंख्याक संस्थांनाही बंधनकारक असल्याचे ठरवले होते. 2021 साली कुवेत आणि दुबई येथे या परीक्षेची केंद्रे प्रथमच उघडली. गुणांशिवाय नुसत्या पैशावर डॉक्टर होण्याची वाट तेवढी अरुंद झाली.

आता आपल्या माणसाकडे वळू. त्याच्यासाठी वेगळी तरतूद आहे, आणि ती एनआरआय कोट्याहून निराळी आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमांत परदेशी नागरिक, भारतीय वंशाचे लोक आणि आखाती देशांतील भारतीय कामगारांची मुले यांच्यासाठी मंजूर जागांच्या वर 15 टक्के जादा जागा ठेवलेल्या आहेत. त्यांपैकी एक तृतीयांश फक्त आखाती कामगारांच्या मुलांसाठी आहेत. साठ जागांच्या एका शाखेत नऊ जादा जागा, आणि त्यांतल्या तीन आखातासाठी. अट एवढीच, की त्या महाविद्यालयाने परिषदेची तशी मान्यता घेतलेली हवी. या जागा कुणाच्या वाट्यातून काढलेल्या नाहीत, म्हणून त्या घेताना संकोचाचे कारण नाही. केंद्र सरकारने 2001-02 पासून परदेशातल्या विद्यार्थ्यांसाठी जी 'दासा' योजना आणली, तिच्यातही आखाती कामगारांच्या मुलांचा वेगळा वाटा आहे. नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या संस्थेत इतर परदेशस्थ डॉलरमध्ये फी भरतात, तिथे या मुलांना देशातल्या विद्यार्थ्यांइतकीच फी लागते.

म्हणजे कायद्याने श्रीमंत अनिवासी आणि कष्टकरी अनिवासी यांत फरक केला आहे. तो आपणच केलेला नाही. परदेशी नोकरीचा करार, व्हिसा, निवासपत्र, मालकाचा दाखला ही कागदपत्रे वेळेवर जमवावी लागतात. बापाला सुटी दोन वर्षांतून एकदा मिळते आणि आईला अर्ज कुठे करायचा ते सांगणारे कोणी नसते. शिवाय प्रत्येक योजनेत मुलाने बारावी कुठून केली, याच्या अटी निराळ्या असतात आणि त्या बदलतही राहतात. प्रवेशाची तारीख निघून जाते आणि तीच जागा रिकामी राहते किंवा दुसऱ्याच वाटेला जाते.

आपल्या कोकणातल्या किती उर्दू शाळांच्या भिंती आफ्रिकेतल्या आणि आखातातल्या कमाईवर उभ्या राहिल्या! ज्यांनी दुसऱ्यांच्या मुलांसाठी शाळा बांधल्या, त्यांच्या स्वतःच्या मुलांना त्यांच्याच नावाने राखलेल्या जागेची खबर नसावी, ही शोभणारी गोष्ट नाही. आठवी-नववीतच दाखल्यावरचा तो रकाना पाहून पालकांना या तरतुदी सांगणे, हे आम्हा शिक्षकांचे काम आहे. जमातींनी आणि गावच्या मुंबई मंडळांनी मे महिन्यात माणसे सुटीवर येतात तेव्हा कागदपत्रांची सोय करावी.

आणि आपल्या अल्पसंख्याक संस्थांनाही एक विचारणे आहे. कलम 30 चा हक्क आपण न्यायालयात हिरिरीने मांडला, तो मांडायलाच हवा होता. त्याच निकालाने एनआरआय फीच्या पैशावर गरीब विद्यार्थ्याचा हक्कही सांगितला आहे. त्या पैशातून दरवर्षी किती मुलांची फी माफ झाली, याचा हिशेब संस्थांनी समाजापुढे ठेवावा. मौलाना आझादांनी परदेशी विद्यार्थ्याला पाहुणा म्हणून बोलावले होते. त्याच्या आणि आपल्या माणसाच्या नावावर दुकान चालू नये, एवढी राखण तरी आपण करायला हवी.