चांद्र अशनी : पहिला शोध

चंद्रावर लघुग्रह किंवा धूमकेतू आदळल्याने उडालेला आणि पुढे कधीतरी पृथ्वीवर येऊन पडलेला खडक म्हणजे चांद्र अशनी. चंद्राचा मुक्तिवेग सेकंदाला सुमारे २.४ किमी., म्हणजे पृथ्वीच्या मुक्तिवेगाच्या पाव हिश्शाहूनही कमी असल्याने असा खडक निसटणे शक्य आहे. असा पहिला अशनी कधी सापडला, याचे उत्तर ग्रंथांत दोन प्रकारे मिळते : काही ठिकाणी १९७९, काही ठिकाणी १९८२. दोन्ही वर्षे बरोबर आहेत, मात्र ती दोन वेगळ्या दगडांची आहेत.

चंद्रावरून दगड येतात ही कल्पना जुनी आहे. फ्रेंच गणिती लाप्लास याने १८०२ मध्ये अशनी चांद्र ज्वालामुखींतून फेकले जात असावेत असे सुचवले होते. कारण चुकले, दिशा फारशी चुकली नव्हती. तरीही अपोलो मोहिमांपूर्वी (१९६९–७२) असा दगड कोणाच्या हाती आला असता, तर तो ओळखायचा कशाच्या आधारे? अपोलोच्या यात्रींनी आणलेले सुमारे ३८२ किग्रॅ. खडक आणि माती, तसेच सोव्हिएत लूना यानांनी आणलेली थोडी माती हाती आली तेव्हाच तुलनेला नमुना मिळाला.

१८ जानेवारी १९८२ रोजी अमेरिकेच्या अंटार्क्टिक अशनी-शोध मोहिमेतील जॉन शुट आणि इयन व्हिलन्स यांना ॲलन हिल्सजवळच्या बर्फपट्ट्यात लहान लिंबाएवढा, ३१.४ ग्रॅम वजनाचा एक दगड दिसला. अंटार्क्टिकात पडलेले दगड बर्फाच्या प्रवाहाबरोबर सरकत जातात. डोंगर आडवा आला की प्रवाह अडतो, वारा वरचे बर्फ झिजवतो आणि निळसर बर्फावर काळे दगड उघडे पडतात. हा दगड मात्र वेगळा होता. त्याच्यावर हिरवट छटेची, फेसाळ वितळसाल होती आणि आत करड्या पार्श्वभूमीवर पांढरे टोकदार तुकडे होते. त्याला ॲलन हिल्स ए८१००५ हा क्रमांक मिळाला. यातील ‘८१’ हे १९८१ च्या अखेरीस सुरू झालेल्या हंगामाचे आकडे आहेत. त्यावरून सापडण्याचे वर्ष १९८१ धरणे चूक ठरते.

दगड आधी ह्यूस्टनला नेण्यात आला आणि तिथून त्याचा छेद वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत ब्रायन मेसन यांच्याकडे गेला. आतले पांढरे तुकडे चंद्राच्या उंच भागातील अनॉर्थोसाइटसारखे आहेत, असे त्यांनी १९८२ मध्येच नोंदवले. त्यानंतर प्रयोगशाळांनी आपापल्या कसोट्या लावल्या. ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे प्रमाण पृथ्वी-चंद्राच्या रेषेवर बसले. पायरोक्सीन खनिजातील लोह-मँगॅनीज गुणोत्तर ७० च्या आसपास, म्हणजे चांद्र खडकांसारखे निघाले. दिसायला जवळच्या युक्राइट अशनींत ते याच्या निम्म्यावर असते. सौरवाऱ्याने रुजवलेले अक्रिय वायूही सापडले. मार्च १९८३ मध्ये ह्यूस्टनच्या चांद्र व ग्रहविज्ञान परिषदेत सर्व गटांचा निष्कर्ष एकच होता. विज्ञानात इतके एकमत क्वचितच होते.

या निष्कर्षाचा परिणाम एका दगडापुरता राहिला नाही. खडक फेकण्याइतका जोराचा आघात त्याचा चुराडा करील किंवा तो वितळवील, असा आक्षेप तोवर घेतला जात असे. तो आता टिकेना. काही अशनी मंगळावरून आले असावेत, या त्याच सुमारास चर्चेत असलेल्या मतालाही त्यामुळे बळ मिळाले. शिवाय या दगडातील थोरियम व पोटॅशियमचे अल्प प्रमाण पाहता तो अपोलोच्या जागांपासून दूरच्या, तोवर नमुना न मिळालेल्या प्रदेशातून आला असावा.

या घडामोडींनंतर टोकियोच्या राष्ट्रीय ध्रुवीय संशोधन संस्थेतील साठ्याकडे पुन्हा पाहिले गेले. जपानी पथकाने २० नोव्हेंबर १९७९ रोजी यामातो पर्वतांजवळ उचललेला ५२.४ ग्रॅमचा यामातो ७९११९७ हा दगड चांद्र असल्याचे केइझो यानाई आणि हिदेयासू कोजिमा यांनी १९८४ मध्ये जाहीर केले. म्हणजे आधी सापडलेला दगड नंतर ओळखला गेला. त्या हंगामातील आणखी काही लहान नमुने तर त्याहून उशिरा चांद्र ठरले. म्हणून सापडण्याचा पहिला मान यामातोला आणि ओळख पटण्याचा ॲलन हिल्सला देणे योग्य. ‘पहिला चांद्र अशनी, १९८२’ एवढेच लिहिणाऱ्या नोंदी अपुऱ्या आहेत.

अंटार्क्टिकाबाहेरच्या पहिल्या चांद्र अशनीमुळे हा प्रश्न आणखी गुंततो. पश्चिम ऑस्ट्रेलियातील १९ ग्रॅमचा कॅलकॅलाँग क्रीक हा दगड मिलबिलिली येथील अशनींच्या ढिगातून अशनी-व्यापारी रॉबर्ट हाग यांच्याकडे आला आणि १९९१ मध्ये तो चांद्र असल्याचे प्रसिद्ध झाले. तो जमिनीवरून नेमका कधी उचलला गेला, याची तारीख नोंदलेली नाही. तारीखवार नोंदीच्या आधारे यामातोचा पहिला क्रमांक मान्य होतो, तो या मर्यादेसह.

१९९७ मध्ये लिबियात दार अल गनी २६२ सापडला आणि पुढे सहारा व ओमानच्या वाळवंटांनी चांद्र अशनींच्या संख्येत अंटार्क्टिकाला मागे टाकले. आकाशातून पडताना पाहिलेल्या चांद्र अशनीची मात्र एकही नोंद नाही. आजवरचे सगळे जमिनीवर किंवा बर्फावर पडलेले सापडले आहेत.