खेळातून अजाईल : नाणी, चेंडू आणि पत्त्यांतून शिकायची एकत्र कामाची पद्धत

अजाईल ही गटाने काम करण्याची एक पद्धत आहे. मोठ्या कामाचे छोटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा पूर्ण करून ज्याच्यासाठी काम चालले आहे त्याला दाखवायचा आणि त्याचे म्हणणे ऐकून पुढचा तुकडा हाती घ्यायचा, हा तिचा गाभा. पद्धत सॉफ्टवेअर क्षेत्रातून पुढे आली असली तरी ती शिकायला संगणक लागत नाही. नाणी, चेंडू आणि कागदाचे पत्ते वापरून खेळले जाणारे गटखेळ हा ती शिकवण्याचा जगभर रूढ झालेला मार्ग आहे.

हे कळवणसारख्या तालुक्याच्या गावासाठी महत्त्वाचे आहे. येथून शिकून नाशिक-पुण्याला नोकरीसाठी जाणाऱ्या मुलामुलींना 'स्क्रम', 'स्प्रिंट' हे शब्द पुस्तकातून पाठ होतात, पण अनुभव नसतो. हे खेळ शाळेच्या वर्गात किंवा देवळाच्या ओट्यावरही होतात आणि खर्च जवळपास शून्य.

पद्धत कुठून आली?

१९८६ मध्ये हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या जपानी अभ्यासकांनी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये नवी उत्पादने घडवणाऱ्या गटांची तुलना रग्बीच्या संघाशी केली. एकाने काम संपवून दुसऱ्याच्या हाती द्यायचे असे न करता संपूर्ण संघ चेंडू घेऊन एकत्र पुढे सरकतो, असा त्यांचा मुद्दा होता. 'स्क्रम' हा शब्दही रग्बीतलाच. जेफ सदरलँड आणि केन श्वेबर यांनी १९९५ मध्ये सॉफ्टवेअरसाठी स्क्रमची मांडणी जाहीर केली. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे १७ जण जमले आणि त्यांनी अजाईलचा जाहीरनामा लिहिला. त्यात ४ मूल्ये असून त्याला १२ तत्त्वांची जोड आहे.

नाण्यांचा खेळ

चार जण ओळीने बसतात. पहिल्याकडे २० नाणी असतात. प्रत्येकाने प्रत्येक नाणे उलटे करून पुढे द्यायचे. पहिल्या फेरीत सगळी २० नाणी उलटून झाल्यावरच ढीग पुढे जातो. दुसऱ्या फेरीत ५-५ नाणी पुढे जातात, तिसऱ्या फेरीत एकेक.

एका नाण्याला एक सेकंद लागतो असे धरले आणि पुढे देण्याचा वेळ सोडून दिला, तर हिशेब असा होतो :

- २० चा ढीग : पहिले नाणे शेवटच्या टोकाबाहेर पडायलाच ८० सेकंद, सगळे कामही ८० सेकंदांतच संपते.
- ५ चा ढीग : पहिली ५ नाणी २० सेकंदांत, सगळे काम ३५ सेकंदांत.
- एकेक नाणे : पहिले नाणे ४ सेकंदांत, सगळे काम २३ सेकंदांत.

कोणाचाही हात वेगाने चाललेला नाही. फक्त ढिगात पडून राहण्याचा वेळ कमी झाला. स्लॅब टाकण्याच्या दिवशी घमेली हातोहात वर जातात ती याच कारणाने. खाली २० घमेली भरून होईपर्यंत वरचा गवंडी थांबून राहत नाही.

मात्र यातून 'तुकडा जितका लहान तितका चांगला' असा सरसकट नियम काढता येत नाही. बाजार समितीत कांदा नेताना शेतकरी ट्रॅक्टर भरूनच नेतो, कारण प्रत्येक खेपेला डिझेल आणि दिवस खर्ची पडतो. पुढे देण्याचा खर्च कमी असेल तिथेच लहान तुकडा परवडतो. म्हणून अजाईल गट आधी तो खर्च कमी करण्याच्या मागे लागतात.

चेंडूंचा खेळ

हा खेळ बोरिस ग्लोगर यांच्या नावाने ओळखला जातो. दोन मिनिटांत जास्तीत जास्त चेंडू सगळ्यांच्या हातांतून फिरवायचे. नियम मोजके : प्रत्येक चेंडूला प्रत्येकाचा हात लागला पाहिजे, हातातून हातात जाताना तो क्षणभर हवेत असला पाहिजे, अगदी शेजारच्याला देता येत नाही आणि चेंडू जिथून निघाला तिथेच परत आला पाहिजे. फेरीआधी गट आपला अंदाज सांगतो. फेरीनंतर एक मिनिट चर्चा होते, आणि अशा पाच फेऱ्या होतात. सुधारणा कोणी बाहेरून सांगत नाही. गट ती स्वतः शोधतो.

अंदाजाचे पत्ते

'प्लॅनिंग पोकर' ही रीत जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ मध्ये मांडली. प्रत्येकाकडे १, २, ३, ५, ८, १३ असे आकडे लिहिलेले पत्ते असतात. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर ते सहज तयार होतात. काम किती मोठे आहे हे प्रत्येक जण मनात ठरवतो आणि सगळे एकदम पत्ता उघडतात. मग सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा दाखवणारे आपले कारण सांगतात.

एकदम उघडण्यातच या खेळाचे मर्म आहे. सर किंवा गटातले थोरले आधी बोलले की बाकीचे मान डोलावतात. पत्ता उघडल्यावर मात्र गप्प बसणाऱ्या मुलीचा १३ हा आकडाही सर्वांना दिसतो. तिला ठाऊक असलेली अडचण काम अडल्यावर नव्हे, काम सुरू होण्याआधीच कळते.

खेळानंतरची चर्चा

चर्चेशिवाय हे खेळ म्हणजे निव्वळ करमणूक. प्रत्येक फेरीनंतर तीन प्रश्न पुरेसे आहेत : काय जमले, काय अडले, पुढच्या फेरीत कोणती एकच गोष्ट बदलायची? बदल एकच ठेवला की निकाल कशामुळे बदलला ते कळते.

खेळाला मर्यादाही आहेत. नाणी सारखी असतात, खरी कामे सारखी नसतात. खेळात चुकले तर हसू येते. कामात चुकले तर पैसे किंवा विश्वास जातो. म्हणून खेळातला धडा लगेच एखाद्या खऱ्या छोट्या कामावर लावून पाहावा लागतो, मग ते स्नेहसंमेलनाचे नियोजन असो किंवा बचत गटाची पापडाची ऑर्डर. त्या कामाच्या मध्यावरही तेच तीन प्रश्न विचारले गेले, तर खेळ कामी आला असे म्हणता येते.