गोटुलातली ओळख

तरुण मुलाने तरुण मुलीशी पहिले बोलणे काढायचे कसे, हा प्रश्न काही आजच्या कॉलेजातच निघालेला नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली (१९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता) यांच्या जंगलात तो फार जुना आहे. त्याला उत्तर म्हणून तिथे गावोगाव चक्क एक घरच बांधलेले असे. त्याचे नाव गोटुल. शहरातला वाचक हा शब्द ऐकला की गालांतल्या गालांत हसतो. म्हणून आधी ते हसू निस्तरू.

व्हेरिअर एल्विन यांनी १९४७ साली बस्तरच्या मुरियांच्या गोटुलावर एक मोठा ग्रंथ लिहिला. ग्रंथ जाडजूड, म्हणून वाचला थोड्यांनी. चघळला मात्र पुष्कळांनी! मुरियांकडे मुलेमुली रात्री गोटुलातच झोपत, एवढेच लोकांनी ध्यानात ठेवले आणि तेच सगळ्या गोंडांना चिकटवले. आमच्या भामरागड-एटापल्लीकडच्या माडियांची रीत निराळी. तिथे मुली संध्याकाळी येत, मुलांबरोबर रेला गात, नाचत आणि झोपायला आपापल्या घरी जात. गोटुलात झोपत ती मुले.

आता तुम्ही विचाराल, मग तिथे तरुण शिकत काय? तर, चुका टाळायला. सर्वांत मोठी चूक म्हणजे नाते न विचारता मन गुंतवणे. गोंडांत कुळांचे गट देवांच्या संख्येवरून पडतात: चारदेवे, पाचदेवे, सहादेवे, सातदेवे. सहादेव्या मुलाला सहादेवी मुलगी, ती कोठल्याही गावची असो, बहीणच. बस्तरकडे यासाठी दोन सुटसुटीत शब्द आहेत. भाऊबंद कुळे ती दादाभाई, आणि सोयरीक होऊ शकते ती अकोमामा. मामा-आत्याच्या मुलांत तर लग्न हक्काचेच. एका पिढीत गेलेली मुलगी पुढल्या पिढीत परत यावी, म्हणून त्याला ‘दूध परत करणे’ म्हणतात. तेव्हा अनोळखी गावच्या नाचात पहिली चौकशी देवांची. आपल्याकडे आधी मने जुळतात, मग जातगोत निघते आणि रडारड होते. तिथे हे आधीच उरकलेले असते. नियम जाचक आहे, हेही खरे. एकाच गटातल्या दोघांचे मन जडलेच, तर गाव त्यांना सुखाने राहू देत नसे.

बाकीची शिकवण बारीकसारीक, पण मला तीच मोलाची वाटते. मुरिया मुलगा लाकडाची फणी स्वतः कोरून मुलीला देई आणि ती तिला केसांत खोची. दिवसभराच्या कामानंतर ती कोरायला बसणारा मुलगा किती चिकाटीचा आहे, हे मुलीला न बोलता कळत असेल! उशिरा आला किंवा सरपण आणले नाही, तर दंड. गोटुलातली गोष्ट बाहेर सांगायची नाही. आपल्या वसतिगृहांत एखाद्या मुलीने नुसते हसून पाहिले, तरी रात्रीपर्यंत ते चार खोल्यांत पोचते! काही गोटुलांत जोड्या टिकाऊ असत. काहींत एकाच जोडीदाराला धरून बसणे हाच गुन्हा. ही दुसरी रीत मला मानवत नाही. पण गंमत अशी, की मुरियांची लग्ने बहुतेक आईबापच ठरवीत, गोटुलातली जोडी बहुधा मोडे, आणि तरीही पुढे फारकती फार थोड्या होत, असे एल्विन यांनीच नोंदले आहे.

पुढे मुले शिकायला आश्रमशाळांच्या वसतिगृहांत गेली. बाहेरून आलेल्यांच्या कुचेष्टेने तरुणांना गोटुलाची लाज वाटू लागली आणि पुष्कळ गावांतली गोटुले ओस पडली. वसतिगृहात मुलगे एकीकडे, मुली दुसरीकडे. दोघांनी एकमेकांशी वागायचे कसे, हे आता सांगणार कोण?

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावाने १९८० नंतरच्या दशकात गोटुल पुन्हा उभारायचे ठरवले. लोकांनी जंगलातले सागवान आणून ते बांधलेही. वनखात्याने ते पाडले आणि लाकूड उचलून नेले. मग आसपासच्या गावांनीही आपापल्या हद्दीत गोटुले बांधायला घेतली. एक गोटुल पाडणे सोपे होते. इतकी गावे एकदम उठल्यावर खात्याचा हात थांबला.