नूट रॉक्नी आणि पुढें फेकलेला चेंडू

फुटबॉल म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें पायानें लाथाडलेला वाटोळा चेंडू येतो. अमेरिकेंतील कॉलेजांत ज्या खेळास फुटबॉल म्हणतात, त्यांत पायाचें काम थोडें. चेंडू दोन्ही टोकांस निमुळता; तो छातीशीं धरून धांवावयाचें, आणि धांवणाऱ्यास प्रतिपक्षानें मिठी मारून खालीं पाडावयाचें. परंतु याच खेळांत एक गडी असाहि असतो कीं, तो रांगेच्या कडेला उभा राहतो, खेळ सुरू होतांच पुढें पळतो आणि मागून दूरवर फेकलेला चेंडू पळतां पळतां झेलतो. आज त्याला ‘वाइड रिसीव्हर’ म्हणतात. पूर्वीं कडेच्या गड्यास नुसतें ‘एंड’ म्हणत. हें झेलणाऱ्याचें स्थान खेळांत मुळापासून नव्हतें. तें कसें निर्माण झालें आणि त्याचें श्रेय कोणाच्या पदरीं पडलें, तें आज सांगावयाचें आहे.

१९०५ सालापर्यंत चेंडू पुढच्या दिशेनें फेकण्यास बंदी होती. सारा संघ खांद्यास खांदा भिडवून एकाच जागीं रेटा देई, आणि जत्रेंतल्या चेंगराचेंगरीसारखा प्रकार होई. त्या एका वर्षांत १८-१९ मुलें खेळतां खेळतां प्राणांस मुकलीं. कोलंबिया येथें खेळ बंद करण्यांत आला. स्टॅनफोर्ड व कॅलिफोर्निया विद्यापीठें रग्बीकडे वळलीं. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं ऑक्टोबर १९०५ मध्यें हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन येथील मंडळींना व्हाइट हाउसमध्यें बोलावून खेळ सुधारण्यास बजावलें. १९०६ च्या नव्या नियमांनीं चेंडू पुढें फेकण्याची मोकळीक दिली. गर्दी फुटावी, गडी मैदानभर पसरावेत, एवढाच तींतला हेतु. तीहि मोकळीक हात आखडून दिलेली! फेकलेला चेंडू कोणाचा स्पर्श न होतां जमिनीवर पडला, तर तो सरळ प्रतिपक्षाचा होई. अशा अटीवर चेंडू हवेंत सोडण्यास कोण धजेल?

एक मनुष्य धजला. सेंट लुई विद्यापीठाचे शिक्षक एडी कोचेम्स यांनीं त्या उन्हाळ्यांत आपला संघ विस्कॉन्सिनमधील एका तळ्याकांठीं नेऊन फेकण्याझेलण्याचा सराव करविला. ५ सप्टेंबर १९०६ रोजीं वॉकेशा येथें कॅरोल कॉलेजविरुद्ध ब्रॅडबरी रॉबिन्सन यानें टाकलेला पहिला चेंडू जमिनीवर पडून वायां गेला. पुन्हा टाकला, तेव्हां तो जॅक श्नायडरनें झेलला आणि गोलरेषेपार नेला. त्या हंगामांत हा संघ ११ सामने खेळला आणि सर्व जिंकला. परंतु खेळाची प्रतिष्ठा तेव्हां पूर्वेकडील जुन्या कॉलेजांच्या हातीं होती, आणि दूरच्या सेंट लुईकडे त्यांनीं फारसें पाहिलें नाहीं.

आतां रॉक्नीकडे वळूं. नूट रॉक्नीचा जन्म १८८८ सालीं नॉर्वेंतील व्हॉस येथें झाला. पांच वर्षांचा असतांना तो शिकागोस आला. तेथें कांहीं वर्षें टपालखात्यांत नोकरी करून, पैसे गांठीं बांधून, वयाच्या बाविसाव्या वर्षीं तो इंडियाना प्रांतांतील नोत्र दाम येथें शिकावयास गेला. कॉलेज कॅथॉलिकांचें, हा प्रॉटेस्टंट. वर्गांतील मुलांहून वयानें मोठा. उंची अवघी पांच फूट आठ इंच. विषय रसायनशास्त्र, आणि त्यांतहि तो उत्तम. मीं शाळेंत असे मागाहून शिकावयास आलेले विद्यार्थी पाहिले आहेत. त्यांना वेळेची किंमत निराळी कळलेली असते.

१९१३ च्या उन्हाळ्यांत रॉक्नी आणि त्याचा सोबती गस डोरे हे ईरी सरोवरावरील सीडर पॉइंट येथें कामास होते. फावल्या वेळांत डोरेनें फेकावें आणि रॉक्नीनें वाळूंतून धांवत झेलावें. चेंडू छातीवर कवटाळण्याऐवजीं तो बोटांनीं, हात सैल ठेवून, पायांची गति न मोडतां घ्यावा, हें त्यानें तेथें घोटून घेतलें. आदल्याच वर्षीं फेकीच्या अंतराची मर्यादा उठली होती आणि चेंडूहि अधिक सडपातळ झाला होता, हें त्यांच्या पथ्यावर पडलें.

१ नोव्हेंबर १९१३ रोजीं नोत्र दामचा संघ वेस्ट पॉइंट येथें लष्करी विद्यालयाविरुद्ध उतरला. कर्णधार रॉक्नीच. त्याच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणें तो प्रथम मुद्दाम लंगडत राहिला. समोरच्या गड्यानें त्याला जखमी समजून मोकळा सोडला, आणि मग तो एकाएकीं वाऱ्यासारखा सुटला व गोलरेषेजवळ चेंडू त्याच्या हातांत विसावला. मास्तराच्या नात्यानें ही लबाडी मला प्रशस्त वाटत नाहीं. पण ती नियमांत बसते खरी. अर्ध्या वेळेस गुण १४-१३ होते. शेवटीं नोत्र दाम ३५-१३ असा जिंकला. डोरेच्या फेकींनीं सुमारें २४० यार्ड मैदान कापलें होतें. पराभूत संघ शहाणा ठरला. त्यानें ही युक्ति तत्काळ उचलली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस नौदलाच्या संघास २२-९ असें हरविलें.

या सामन्याचा वृत्तांत न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांनीं छापला, आणि येथेंच गोम आहे. पुढें फेकण्याची युक्ति रॉक्नी व डोरे यांनींच शोधली, अशी समजूत हळूहळू दृढ झाली. मीहि वर्गांत “अमक्यानें अमकें शोधलें” असें एका वाक्यांत सांगून पुढच्या धड्याकडे वळत असें. त्यांतलीं किती वाक्यें अशींच असतील, कोण जाणे.

पदवीनंतर रॉक्नी त्याच कॉलेजांत रसायनशास्त्र शिकवीत असे. १९१८ पासून १९३० पर्यंत तो संघाचा मुख्य शिक्षक होता. त्या काळांत १०५ विजय, १२ पराभव आणि ५ सामने बरोबरीचे. ३१ मार्च १९३१ रोजीं कॅन्सासमध्यें विमान कोसळून त्याचा अंत झाला. तत्पूर्वीं आपल्या आठवणी लिहितांना त्यानें कोचेम्स यांच्या सेंट लुईच्या संघाचा अग्रमान मोकळ्या मनानें मान्य केला होता. पण १९४० सालीं त्याच्या चरित्रावर चित्रपट निघाला, आणि लोकांच्या मनांत राहिली ती वाळूवरची जोडी व वेस्ट पॉइंटचा विजय. वॉकेशा येथें चेंडू झेलणाऱ्या जॅक श्नायडरचें नांव तुमच्यापैकीं बहुतेकांनीं आज प्रथमच ऐकलें असेल.