छेदाचे जनक: हॉसनच्या प्रमेयाची कुळकथा

दोन उपगटांचा छेद घेतला की उरतो तोही उपगटच. बी.एस्सी.च्या वर्गात हे दोन ओळींत सिद्ध होते आणि फळा पुसला जातो. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. दोन्ही उपगट मोजक्या जनकांपासून तयार झाले असतील, तर त्यांच्या छेदालाही मोजके जनक पुरतात का? आणि पुरत असतील तर जास्तीत जास्त किती लागतील? पहिल्या प्रश्नाचे उत्तर 1954 साली मिळाले, दुसऱ्याचे 2011 साली. मधल्या 57 वर्षांत एक आकडा पायरी पायरीने खाली आला, त्याची ही हकिकत.

माढा तालुक्यातल्या वाचकाला ती समजून घ्यायला कुर्डुवाडी जंक्शन पुरेसे आहे. मुंबईहून दौंडमार्गे आलेली मेन लाइन इथून माढ्यावरून सोलापूरकडे जाते. 1897 साली बार्शी लाइट रेल्वेने इथून बार्शीपर्यंत नॅरोगेज टाकली. पुढे ती एकीकडे लातूरपर्यंत आणि दुसरीकडे पंढरपूरवरून मिरजेपर्यंत पोहोचली. आता सगळे ब्रॉडगेज झाले, पण जंक्शनचे चार हात तेच आहेत. सोलापूरच्या दिशेने एक टप्पा गेलो की ‘क’ लिहू, दौंडच्या दिशेने गेलो की ‘उलटा क’. लातूरकडे ‘ख’, मिरजेकडे ‘उलटा ख’. आता प्रत्येक स्टेशन कुर्डुवाडीसारखेच चार हातांचे आहे असे धरा. मग प्रवास म्हणजे या अक्षरांची एक ओळ. गेलो आणि लगेच त्याच रुळावरून मागे आलो, तर ते दोन टप्पे खोडायचे. याखेरीज दुसरा कुठलाही नियम नाही. अशा सगळ्या ओळी मिळून दोन जनकांचा मुक्त गट होतो.

मुक्त गटांच्या अभ्यासाची सुरुवात 1882 साली वाल्थर फॉन डिक यांच्या कामात दिसते. 1921 मध्ये याकोब नील्सन यांनी डॅनिश भाषेतल्या एका लेखात सिद्ध केले, की मुक्त गटातला मोजक्या जनकांचा उपगटही मुक्तच असतो. 1927 मध्ये ओटो श्रायर यांनी ‘मोजक्या’ ही अट काढून टाकली. पण इथेच एक धोका दिसू लागतो. ‘ख’ आणि ‘उलटा ख’ सारख्याच वेळा येतात, असे सगळे प्रवास एकत्र करा. हा उपगट दोनच जनकांच्या गटात राहतो, तरी त्याला स्वतःला अनंत जनक लागतात. लहान घरातही न संपणारा उपगट नांदू शकतो. म्हणून छेदाबद्दलचा प्रश्न गंभीर आहे. दोन आटोपशीर उपगटांच्या छेदात असा एखादा अनंत उपगट निघाला तर?

मुक्त गटात तसा तो कधीच निघत नाही, हे अल्बर्ट जेफ्री हॉसन यांनी 1954 साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात दाखवले. त्यांनी मर्यादाही दिली. दोन्ही उपगटांना तीन-तीन जनक असतील, तर त्यांच्या सूत्रानुसार छेदाला 13 पेक्षा जास्त लागत नाहीत. हॉसन पुढे गणितशिक्षणाकडे वळले आणि त्या क्षेत्रात मोठे नाव झाले. त्यांचे हे प्रमेय मात्र गटसिद्धांतात कायमचे राहिले. ज्या गटांत ते खरे ठरते त्यांना आजही हॉसन गट म्हणतात.

हे प्रमेय कोणालाही पटावे इतके उघड केले ते 1983 साली जॉन स्टॉलिंग्ज यांनी. त्यांची रीत अशी. प्रत्येक जनकासाठी जंक्शनपासून निघून जंक्शनलाच परतणारा एक फेरा काढा. एकाच स्टेशनातून एकाच अक्षराचे दोन रूळ निघत असतील तर ते एकमेकांवर घडी करून एक करा. घड्या संपल्या की हातात एक छोटा नकाशा उरतो. त्यात जंक्शनपासून निघून परत येणारे सगळे प्रवास म्हणजेच आपला उपगट. नकाशातल्या रुळांच्या संख्येतून स्टेशनांची संख्या वजा करून एक मिळवला की लागणाऱ्या जनकांची संख्या मिळते.

आता दोन उपगटांचे दोन नकाशे घ्या. पहिल्यातले एक स्टेशन आणि दुसऱ्यातले एक स्टेशन अशी जोडी म्हणजे नवे स्टेशन. दोन्हीकडून ‘क’ निघत असेल तरच जोडीतूनही ‘क’ निघेल, ‘ख’चेही तसेच. या नव्या नकाशात दोन्ही जंक्शनांच्या जोडीपासून सुरू होऊन तिथेच परतणारे प्रवास म्हणजे छेद. पाच आणि सात स्टेशनांच्या जोड्या 35 च होतात. जोड्या मोजक्या, म्हणून रूळ मोजके, म्हणून जनकही मोजके. हॉसनचे प्रमेय सिद्ध झाले.

आकडा खाली आणण्याचे काम मात्र हॅना न्यूमन यांनी फार आधीच हाती घेतले होते. 1914 साली बर्लिनमध्ये जन्मलेल्या हॅना यांचे बर्नहार्ड न्यूमन यांच्याशी लग्न ठरले होते. ज्यू असल्यामुळे बर्नहार्ड यांना जर्मनी सोडावी लागली, आणि 1938 मध्ये हॅनाही ब्रिटनला गेल्या. हल इथे शिकवत असताना त्यांनी 1956 साली 13 चे 10 केले आणि 1957 च्या पुरवणीत 9. त्या 9 चा हिशेब आजच्या भाषेत असा मांडता येतो. चार हातांची स्टेशने मोडून तिहेरी फाटे करता येतात. तीन जनकांच्या नकाशात असे चार फाटे येतात. जोड्या 16, प्रत्येक जोडीचे वजन अर्धे, म्हणजे 8, आणि अधिक एक. हॅना यांनी त्याच पुरवणीत सुचवले की या हिशेबातला दुपटीचा गुणक अनावश्यक आहे आणि खरी मर्यादा 5 असावी. हीच हॅना न्यूमन यांची अटकळ.

1971 मध्ये रॉबर्ट बर्न्स यांनी मर्यादा 7 वर आणली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, कॅनडातल्या व्याख्यानदौऱ्यात, हॅना यांचे ओटावा इथे निधन झाले. 1990 मध्ये त्यांचे चिरंजीव वॉल्टर न्यूमन यांनी आईची अटकळ आणखी मजबूत रूपात मांडली. अखेर मे 2011 मध्ये जोएल फ्रीडमन आणि इगोर मिनेयेव यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे ती सिद्ध केली. मिनेयेव यांची कल्पना अशी. नकाशा अनंत झाडासारखा उलगडा आणि रुळांना लहानमोठेपणाचा क्रम द्या. दोन्ही बाजूंना न संपणाऱ्या एखाद्या मार्गावर जो रूळ सर्वात मोठा ठरतो, तो कळीचा. नकाशातला तोच रूळ पुन्हा आला तर तो एकच धरायचा. मग तीन जनकांच्या उपगटाला असे नेमके दोनच रूळ मिळतात. छेदाचा कळीचा रूळ दोन्ही उपगटांचाही कळीचा असतो. म्हणून जोड्या दोन गुणिले दोन, चारच, आणि अधिक एक म्हणजे पाच. वॉरेन डिक्स यांनी ही सिद्धता इतकी आटोपशीर केली की ती एका तासात शिकवता यावी.

मुक्त गटाबाहेर पाऊल टाकले की हे सुख टिकत नाही. ‘क’ आणि ‘ख’ यांच्या जोडीला, दोघांशीही क्रम बदलू शकणारा तिसरा जनक ‘ग’ घ्या. एक उपगट ‘क’ आणि ‘ख’ यांचा, दुसरा ‘क’ आणि ‘खग’ यांचा. दोघांनाही दोनच जनक. पण छेदात ‘ग’ उरता कामा नये, म्हणून ‘ख’ आणि ‘उलटा ख’ सारख्याच वेळा यायला हवेत. म्हणजे वर पाहिलेला, अनंत जनकांचा उपगटच समोर येतो. 1968 मध्ये मोल्दावान्स्की यांनी अशा गटांत हॉसनचे प्रमेय कोसळते हे नोंदवले.

मग कोणत्या उपगटांवर विसंबायचे? अतिपरवलयी (हायपरबोलिक) गटांतल्या, म्हणजे ज्यांच्या नकाशात त्रिकोण बारीकच राहतात अशा गटांतल्या, जवळच्या वाटेला चिकटून राहणाऱ्या उपगटांचा छेदही तसाच असतो, हे हॅमिश शॉर्ट यांनी 1991 मध्ये दाखवले. त्याच धाग्यावर 1998 मध्ये रीटा गिटिक, महान मित्रा, एलियाहू रिप्स आणि मिखा सगीव यांनी सिद्ध केले, की अशा उपगटाची परस्परांना अनंत छेद देणारी वेगवेगळी रूपे मोजकीच असतात. यातले महान मित्रा म्हणजेच आजचे महान एमजे. रामकृष्ण मिशनचे हे संन्यासी मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भूमितीय गटसिद्धांतावर काम करतात. हॉसनच्या कुळाची एक शाखा अशी महाराष्ट्रात पोहोचली आहे.

गणित शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती. ‘क’चे टप्पे सम असलेल्या प्रवासांचा नकाशा काढा, त्यात दोन स्टेशने आणि चार रूळ येतील. ‘ख’साठीही तसाच काढा. दोघांना तीन-तीन जनक लागतात. आता जोड्या लावा. चार स्टेशने, आठ रूळ, आठ वजा चार अधिक एक. हॅना न्यूमन यांनी सुचवलेला 5 इथे नेमका गाठला जातो, म्हणून ती मर्यादा याहून खाली येऊच शकत नाही. छेदाचे दोन ओळींचे प्रमेय शिकवल्यावर फळा पुसू नका, त्याच तासाला हा नकाशाही काढून दाखवा.